दुसऱ्या हाफचा ढोल

ढोल्याने ढोल दोन्ही गुडघ्यांत धरला, दोरीला हिसका मारला आणि पुन्हा सैल सोडली. मघापासून हेच चाललं होतं.

"अरे, बाळंतपण करतोयस का त्याचं?" वकील म्हणाला. "आवळ की एकदाचा!"

"आवळतोय."

"आवळतोस आणि सोडतोस. त्या ढोलाला चक्कर येईल आता."

वकील काही खरा वकील नव्हता. गाद्यांचं दुकान होतं त्याचं. पण वादात कुणाच्या बापाला हार जायचा नाही, म्हणून वकील. मॅचच्या दिवशी तो शटर अर्धं खाली ओढायचा आणि सगळी टोळी मागच्या बाजूला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांवर जमायची. कुणी तावातावाने पुढे सरकलं की खालचं प्लॅस्टिक असं करकरायचं की अर्धं वाक्य त्यातच गडप! आज तर नुसती करकर चालली होती, कारण विषय एकच होता, नव्या मॅनेजरला हाकलायचं की ठेवायचं.

"हंगाम सुरू झाल्यापासून एक मॅच जिंकलो आपण," वकील बोट नाचवत म्हणाला. "तीसुद्धा समोरच्या पोराने स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला म्हणून. त्या पोराला आणा मॅनेजर म्हणून, परवडेल!"

"अरे, नवा आहे तो," काका म्हणाले. काका टोळीत सगळ्यात वडील, शिलाईकाम करायचे, टोळीचा एकूण एक झेंडा त्यांच्याच मशीनवरून उतरलेला. "नव्या सुनेला मिठाचा डबा कुठे आहे ते कळायलासुद्धा चार दिवस लागतात."

"मिठाचं जाऊ द्या काका. घरातला सोन्याचा तांब्या तिने माळ्यावर टाकून दिलाय, त्याचं बोला!"

सोन्याचा तांब्या म्हणजे नवरदेव. टीमचा स्ट्रायकर. मैदानात असा यायचा, जसं काही सगळी गर्दी त्याच्याच लग्नाला जमलीय, म्हणून हे नाव. गेल्या हंगामात टीमचे निम्मे गोल त्या एकट्याचे. आणि या नव्या मॅनेजरने काय करावं? त्याला ऐन हंगामात बाकावर बसवून ठेवला. बूट-मोजे चढवून, सगळा सजवून, नुसता बसवलेला! का म्हणून टीव्हीवाल्यांनी विचारलं की मॅनेजरचं ठरलेलं उत्तर, "हा माझा निर्णय आहे." बस्स. पुढे एक अक्षर नाही. लोकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ढोल्याच्या तर सगळ्यात जास्त. "बाहेर! बाहेर!" ही घोषणा बसवली कुणी? त्यानेच. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा तो. लिफ्टच्या खड्ड्यात बसून पान्याने रुळावर ठोकून ठोकून त्याने ताल पक्का केला होता. दोन ठोके, जरा दम, मग घोषणा. त्यांच्या स्टँडमध्ये ढोल वाजल्याशिवाय घोषणा उठायचीच नाही. म्हणजे मॅनेजरच्या विरुद्ध पहिला आवाज ढोल्याचाच निघणार होता. कालपर्यंत तो या गोष्टीवर जाम खूश होता.

पण आज सकाळी सगळं बिघडलं.

सकाळी ताई ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच चहा पीत होती. त्याची मोठी बहीण, टीमची फिजिओ. या मॅनेजरनेच तिला आणलं होतं, आणि मॅनेजर गेला की त्याने आणलेली माणसंही जातात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. ढोल्याला राहवलं नाही.

"आज तुझ्या साहेबांची पाठवणी बघ," तो म्हणाला. "ठार अडाणी माणूस. नवरदेवाला बसवून कुणी जिंकतं का?"

ताईने कप असा आपटला की चहा ओट्यावर सांडला.

"मी सांगितलंय त्याला बसवायला."

"काय?"

"त्याचा गुडघा आतून फाटलाय थोडा. दोन महिने जपला तर भरून येईल. आत्ता पळवला तर खेळ संपला त्याचा. साहेबांनी मला एकदाच विचारलं, खात्री आहे ना? मी म्हटलं, आहे. परत नाही विचारलं त्यांनी."

"मग सांगून टाका ना लोकांना! आम्ही काय वेडे आहोत?"

"त्याचा करार संपतोय यंदा. गुडघ्याचं बाहेर कळलं तर कोण घेईल त्याला? त्यानेच हात जोडले, सांगू नका म्हणून. म्हणून तर कपडे घालून बाकावर बसवतात. साहेब म्हणाले, ठीक आहे, शिव्या मी खातो." ती थांबली. "तुला सांगायलाच नको होतं. हे कुणाजवळ बोललास तर माझं जाईल ते जाईल, पण त्या पोराचा जन्म वाया जाईल."

ढोल्याने ओट्यावरचं फडकं तिच्यापुढे सरकवलं.

"आणि वाजवायचा तर वाजव ढोल," ताई म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नकोस." पण सांडलेला चहा तिने पुसला नाही. त्यात बोट फिरवत राहिली.

"ठरलं तर मग!" वकील गादीवरून उठलाच. "दुसरा हाफ सुरू होताना नवरदेव मैदानात नसेल, तर ढोल्या ठोका टाकणार. काय रे?"

ढोल्याने दोरीची गाठ सोडली.

"आज तोंडाला कुलूप का?" काकांनी विचारलं. "परवा तर मॅनेजरच्या सात पिढ्यांची नावं घेत होतास."

"असं काय काका, त्याची ताई आहे ना तिकडे," वकील म्हणाला. "घरी पगार येतो. मिंधा झालाय बिचारा."

कुणीतरी खिदळलं, खालचं प्लॅस्टिक करकरलं. ढोल्याच्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य, फक्त एक, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्याने ते वाक्य गिळलं आणि दोरी अशी खेचली की तळव्यावर वळ उठला.

"चला, उशीर होतोय," तो म्हणाला.

पहिल्या हाफमध्येच एक गोल खाल्ला. तोही कसा? गोलकीपर आणि बचाववाला, दोघंही एकमेकांना "तू घे, तू घे" करत राहिले आणि चेंडू आपला सावकाश मधून गेला, पाहुण्यासारखा. मध्यंतरात स्टँड नुसता धुमसत होता. ढोल्या एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पाणी प्यायला, बाटली बंद केली, पुन्हा उघडली.

टीम परत आली. नवरदेव बाकावरच.

आणि सगळ्या स्टँडने माना वळवल्या, ढोलाकडे.

खाली मॅनेजर उठला, बाकाच्या टोकाला बसलेल्या ताईजवळ गेला आणि वाकून काहीतरी बोलला. ताईने मान हलवली. नाही. तो क्षणभर तिथेच थांबला, मग कोटाच्या खिशात हात घालून पुन्हा रेषेजवळ जाऊन उभा राहिला. एवढ्या गर्दीत त्या नाहीचा अर्थ वरून फक्त ढोल्याला कळला.

"वाजव!" वकील ओरडला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही वाजवत. मन नाही."

"मन नाही? अरे, हा ताल तुझा, ही घोषणा तुझी, आणि आता मन नाही? लोक बघतायत!"

"बघू देत."

"बहिणीच्या आड लपतोस काय रे, भित्र्या?"

काका "अरे अरे" करत मध्ये आले, पण ढोल्याने त्यांना बाजूला केलं. त्याने वकिलाकडे नीट बघितलं. लहानपणापासूनचा दोस्त.

"हो," तो म्हणाला. "लपतोय. तसंच समज."

वकिलाला हे अपेक्षितच नव्हतं. भांडणाच्या तयारीत असलेला तो जरा गडबडला. मग त्याने ढोल्याच्या गळ्यातला पट्टा ओढून काढला, काठ्या हिसकावल्या आणि ढोल स्वतःच्या पोटावर चढवला. ढोल्याने सोडून दिला. पहिला ठोका जरा घाईत पडला, दुसरा बरोबर बसला. दोन ठोके, जरा दम, आणि सगळा स्टँड एका घशाने फुटला.

"बाहेर!"

खाली ताईची मान झटकन वळली. मॅनेजरकडे नाही, वर. हा ढोल तिने वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता, शिव्या घालत, उशी कानावर दाबून. कपाळावर हात धरून ती डोळ्यांनी रांगा चाळू लागली. कठड्याजवळ, खांबाशी. ढोल्याची जागा तिला पाठ होती. नजर तिथे येऊन थांबली.

मी नाही, हे इतक्या लांबून कसं सांगणार? ढोल्या टाचा उचलून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. उंच, बोटं फाकवून, तळवे तिच्याकडे. बघ ताई, रिकामे आहेत. काठ्या नाहीत.

दोन ठोके पडले, आणि त्याच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना शेकडो हात तसेच वर गेले.

"बाहेर!"

ताई थोडा वेळ बघत राहिली. मग वळली, बॅग उचलून नवरदेवाच्या शेजारी जाऊन बसली, पाठमोरी.

ढोल्याने हात खाली घेतले नाहीत. ती पुन्हा एकदा वळेल, म्हणून.

"शाब्बास!" मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "आलास ना शेवटी!"