अकरा अंजनांचा नेम

सटवाजीनं खांद्यावरची फांद्या ओढायची आकडी अंजनाच्या बुंध्याला टेकवली, धोतराचा काचा मारला, झाडाला हात जोडले आणि चढायला उचललेला पाय तसाच खाली ठेवला.

"वैनी," तो चुलत भावजयीला म्हणाला, "ह्ये झाड बांधलंय की."

चतुराबाई खाली रिकामी पाटी घेऊन उभी होती. "डोळे गेले का तुझे? बांधलेली झाडं त्या अंगाला हायेत. ह्ये औंदा कापायचं हाय."

"माझे गेले आसतील तर तुमचे घेऊन या. बघा तरी."

चतुराबाईनं वाकून पाहिलं. बुंध्याभोवती हळदीत भिजवलेलं सूत होतं. ऊनवाऱ्यानं विटलं होतं, पण सात फेरे नीट मोजून घेता येत होते. ती पुढच्या झाडाकडं गेली. त्यालाही सूत. त्याच्या पुढच्यालाही. अकराच्या अकरा झाडं पाहून ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम कुंकवाच्या जागेवरून, म्हणजे जिथं आता नुसतंच गोंदण होतं तिथून, नाकावर उतरला होता.

मागं तिची सून गोदावरी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ते सूत तिचं होतं.

गोदावरी गंगाथडीची पोर. विष्णुपुरीला नदीकाठी तिच्या बापाची जमीन, आणि काठचं हिरवं गवत म्हणजे घरच्या जनावरांचं बारमाही ताट. झाडाचा पाला शेळ्या खातात. गाईचं पोट गवतानं आणि कडब्यानं भरतं, एवढंच तिला ठाऊक. वैशाखात लग्न झालं, आषाढ सरेपर्यंत ती माहेरीच राहिली आणि श्रावणात लोह्याच्या पल्याड डोंगरातल्या धावडदऱ्याला नांदायला आली. येताना आईनं कानात सांगितलं होतं, "सासरच्या गाईगुरांसाठी माहूरच्या रेणुकामातेला एक नेम बोल. आणि नेम बोलून दाखवायचा नसतो, पाळायचा असतो."

धावडदऱ्याच्या उतारावर सासरची बावीस अंजनाची झाडं होती. श्रावणात गोदावरीनं ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा त्यातल्या अकरांना लाल लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. तिनं मनाशी धरलं, सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, अकरा झाडं पुजली आणि अकरा राहून गेली. वय झालं, कुठवर चढणार डोंगर! मग तिनं अकरा शुक्रवार धरले. दर शुक्रवारी उपाशीपोटी एक तांब्या पाणी, एक झाड, सात फेरे. ज्येष्ठी पुनवेला उद्यापन, तोवर सूत सुटू द्यायचं नाही, असा देवीला शब्द दिला. घरात कुणाला ती बोलली नाही. पावसाळा लागल्यावर त्या उताराकडं कुणाची पावलं वळत नसत, त्यामुळं कुणी पाहिलंही नाही.

आणि पावसाळा तरी कसला! त्या साली मृगानं तोंड दाखवलं आणि पुढची नक्षत्रं कोरडी गेली. ज्वारी गुडघ्याएवढी वाढून करपली. होळीपर्यंत कडब्याची गंज संपली आणि गोठ्यात तांबडी उभी राहिली, माळेगावच्या जत्रेतून आणलेली लाल कंधारी गाय, सहा महिन्यांची गाभण. ज्येष्ठात विणार होती. घरात दुसरं दुभतं नव्हतं. चैत्रात डोंगर भाजून निघतो तेव्हा अंजनाला नवा पाला फुटतो. आधी तांब्यासारखा लाल, मग हिरवा. तो पाला हाच आता तांबडीचा घास होता.

"आत्याबाई," गोदावरी म्हणाली. आवाज इतका हळू होता की सटवाजीनं मान वळवली. "ते सूत मी बांधलं."

सगळं सांगून झाल्यावर ती खाली मान घालून उभी राहिली. सटवाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा गुंडाळलं.

"घ्या! सासूनं बांधलेली अकरा, सुनंनं बांधलेली अकरा. आता गाईला काय माझं मुंडासं घालता?"

"तुझ्या मुंडाशाला गाय तोंड लावायची न्हाई," चतुराबाई म्हणाली. मग सुनेकडं वळली. "पोरी, त्या चिंध्या पूजेच्या न्हाईत. गेल्या साली कापलेली झाडं हायेत ती. अंजन एक साल कापायचं आन् एक साल सोडायचं. सोडलेलं कोणतं ते ध्यानात ऱ्हावं म्हणून माझ्या सासूनं चिंधी बांधायला शिकवलं. दोन साल लागोपाठ कापलं की झाड आतून वाळतंय."

संध्याकाळी भुजंग शेतातून आला. त्यानं ऐकलं आणि बायकोकडं न पाहता आईला म्हणाला, "माय, चिंधीवाली झाडं काप. एका सालानं काय व्हतंय?"

"तुझ्या आजानं छप्पनच्या मोठ्या दुष्काळात बी चिंधीवाली कापली न्हाईत."

"मग वरच्या जंगलातून आणतो."

"सरकारी हद्दीत कोयता नेलास तर चावडीवर उभा करतील. मग गाय बी उपाशी आन् तू बी."

"मग ते सूत तोडतो मी उद्या. सूतच हाय ते!"

 पण चतुराबाईनं हातातली भाकर परातीत ठेवली. "देवीला बोललेला शब्द दुसऱ्यानं तोडायचा नसतो. पुनवेला दीड महिना हाय. दीड महिना तांबडीला जगवायचं माझ्याकडं लागलं."

असं ती सहज म्हणाली, जणू डोंगर खाली उतरून पाणी आणायचं आहे.

दुसऱ्या दिवसापासून गोदावरी तिच्या मागं निघाली, आणि पुढच्या दिवसांत तिला कळलं की आपण ज्याला उघडाबोडका डोंगर म्हणत होतो ते आत्याबाईंचं भरलेलं कोठार आहे. बोरीच्या काटेरी फांद्या तोडून त्या उन्हात पसरायच्या, दोन दिवसांनी काठीनं झोडपायच्या. काटे फांदीला राहतात आणि बारीक पाला खाली गळतो. बाभळीच्या शेंगा जात्यावर भरडून रात्रभर भिजवायच्या. उंबराचा पाला जनावर आवडीनं खातं, म्हणून तो शेवटी द्यायचा. आधी दिला तर बाकीच्याकडं ढुंकून बघत नाही. पळसाच्या पानाला गाय नाक मुरडते, त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं. विहिरीकडंची शेवरी हिरवीगार, पण ती ओंजळभरच, तीही वाळल्या पाल्यात कालवून. नाहीतर पोट फुगतं.

आणि हे सगळं कधी, किती, हे चतुराबाई कशावरून ठरवी? शेणावरून. सकाळी गोठ्यात गेली की पहिल्यांदा ती शेण हातात घेई, बोटांनी दाबून बघे, वास घेई.

"आज कोरडं हाय. बोरीचा पाला कमी, आपट्याचा वाढव."

"आत्याबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तांबडीनं. आन् तिच्या आधीच्या चौघींनी. तोंडानं बोलत न्हाईत, पर सांगत्यात सगळं."

गोदावरी हात जोडायची ती देवघरात. आता गोठ्याच्या दारातही तिचे हात आपोआप जुळू लागले. साठीतली ही बाई, अंगावर चार ठिकाणी दंड घातलेलं लुगडं, अनवाणी पायांनी कातळावर चढते, आकडीनं फांदी वाकवते, हवी तेवढीच डहाळी तोडते आणि फांदी हळूच सोडते. झटकन सोडली तर वरचा कोंब मोडतो म्हणून. एकदा सटवाजी पायथ्याशी चिलीम ओढत बसला होता. तो ओरडला, "वैनी, फांदीला झोके देऊन राहिल्या का?"

"तुला बी देते. ये वर."

"नको. म्या खालीच बरा. तुम्ही मला शेवरीत कालवून घालाल."

गोदावरीला हसू आलं, कित्येक दिवसांनी.

पण धावडदरा काही एकट्या चतुराबाईचा नव्हता. सगळ्या गावाची जनावरं त्याच बोरीला, त्याच उंबराला लागली. वैशाख अर्धा सरला तेव्हा उंबर खराट्यासारखा झाला, विहीर आटली तशी शेवरी वाळली, बाभळीखाली एक शेंग मिळेना. तांबडीच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. पोट तेवढं खाली ओघळलेलं. एका सकाळी ती बसली ती उठेना. भुजंगनं आणि सटवाजीनं पोटाखाली काठी घालून उचललं, पाय लटपटले, पुन्हा बसली.

गोदावरीचा दुसरा एक नेम होता, लहानपणापासूनचा. स्वैपाक झाला की पहिला घास गाईला आणि मगच आपलं पान. त्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा तांबडीच्या तोंडापाशी धरला. तांबडीनं हुंगला आणि मान फिरवली.

गोदावरी तुकडा तसाच घेऊन आत आली. दुपारी जेवली नाही, रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तांबडीनं मान फिरवली.

"दोन दिस झाले, चुलीम्होरं तुझं पान दिसलं न्हाई," चतुराबाई म्हणाली.

"गाईनं घास घेतला नाही, आत्याबाई."

"बरं." चतुराबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली.  मग म्हणाली, "म्या हरले, पोरी. शेण बी पडंना आता. अंजनाच्या पाल्याशिवाय ती उठायची न्हाई. पर तुला म्या काय सांगणार न्हाई. शब्द तू दिलेला हाय."

गोदावरी देवघरात गेली. समोर रेणुकामातेचा टाक होता. तिला भीती वाटत होती ती देवीच्या कोपाची. पुनवेला अजून अठरा दिवस होते. सूत आधी सोडलं आणि देवीनं तांबडीचं वासरू नेलं तर? आणि नाही सोडलं तर तांबडीच जाणार. दोन दिवसांच्या उपाशी पोटी तिनं डोळे मिटले आणि देवीला बोललेला शब्द जसाच्या तसा आठवला. सासरच्या गाईगुरांसाठी, असं ती म्हणाली होती. झाडांसाठी नव्हे, स्वतःसाठीही नव्हे. सूत झाडाला बांधलं होतं, नेम गाईचा होता.

ती उठली. तांब्या भरला, हळदकुंकू घेतलं.

"आत्याबाई, सटवाजी मामंजींना बोलवा. मी उद्यापन करते."

"आज?"

"आज. देवीनं विचारलं तर मी सांगीन."

उतारावर ऊन रणरणत होतं आणि त्यात ती अकरा अंजनं हिरवीगार उभी होती, जणू कुणीतरी त्यांना राखून ठेवलं होतं. पहिल्या झाडाला तिनं पाणी घातलं, कुंकू लावलं आणि उलटे सात फेरे घेत सूत उतरवलं.  सूत तुटू न देता तिनं हातावर गुंडाळून घेतलं.

सटवाजी आकडी घेऊन तयार होता, पण त्यानं बुंध्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "सूनबाई, पुन्हा सांग. ह्ये झाड आता तुझं का देवीचं?"

"तांबडीचं," गोदावरी म्हणाली.

"मग ठीक हाय. तांबडीशी माझं भांडण न्हाई." आणि म्हातारा सरसर वर गेला.

त्या दिवशी दोनच झाडांचं सूत उतरवलं, बाकीची पुढं लागतील तशी. चतुराबाई खालून ओरडून सांगत होती: शेंडा राखायचा, जाड फांदीला कोयता नाही, पूर्वेकडची एक डहाळी ठेवायची. पाटी भरून दोघी गोठ्यात आल्या. चतुराबाईनं ताज्या पाल्यावर मिठाचं पाणी शिंपडलं आणि पाटी गोदावरीच्या हातात दिली.

गोदावरीनं हातावरचं पिवळं सूत तांबडीच्या गळ्यात बांधलं आणि एक डहाळी तिच्या नाकाशी धरली. तांबडीनं हुंगलं. मग जीभ बाहेर काढून एक पान ओढलं, अगदी सावकाश, दाताखाली धरून ठेवलं. मग दुसरं. चतुराबाई भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून.

"आता जेव जाऊन," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तांबडी स्वतःच्या पायांवर उठली. सकाळी चतुराबाईनं शेण हातात घेतलं, दाबलं आणि सुनेपुढं धरलं. "बघ. आता तू सांग."

गोदावरीनं बोटांनी दाबून पाहिलं. "मऊ आहे. थोडा वाळला पाला मिसळायला हवा."

सासूनं शेण खाली ठेवलं. उठून बोरीचा पाला आणायला गेली.

ज्येष्ठी पुनवेच्या आदल्या दिवशी तांबडी व्याली. कालवड झाली, आईसारखीच लाल. सटवाजी बघायला आला आणि म्हणाला, "गळ्यात सूत घालूनच आली आसंल ही." आठवड्यानं मृगाची पहिली सर पडली.

पाऊस लागायच्या आधी चतुराबाईनं जुन्या लुगड्याच्या अकरा पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या. त्या तिनं गोदावरीला दिल्या. "औंदा कापलेली तू बांध. माझे गुडघे दुखत्यात."

तिचे गुडघे दुखत नव्हते. कालच ती कातळावर चढली होती. गोदावरीनं ते ओळखलं आणि पट्ट्या कपाळाला लावून पदरात घेतल्या. उतारावर जाऊन एकेका तोडलेल्या झाडाला चिंधी बांधली. तोडलेल्या जागी बारीक लालसर कोंब फुटले होते. शेवटच्या झाडापाशी ती थांबली. तिथं सूत बांधायला हात शिवशिवले, पण तिनं सूत आणलंच नव्हतं. एक तांब्या पाणी मात्र आणलं होतं. ते तिनं बुंध्याशी ओतलं आणि खाली उतरली, कारण तांबडीच्या वैरणीची वेळ झाली होती.