कंबर जुळली म्हणून

आज मॅडमना सांगायचंच, असं ठरवून मी संग्रहालयात गेले. आठवडाभर रोज हेच ठरवत होते आणि रोज जीभ रेटत नव्हती.

मावशीने तिच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला होता. पगार, स्वतःचं टेबल आणि शेजारी खिडकी. आमच्या जुन्या कपड्यांच्या विभागाला खिडकीच नाही, कारण उजेडाने रेशीम विरतं. माणूस विरला तर चालतो. मी तिथे शिकाऊ, म्हणजे बिनपगारी. मुदत कधीच संपली होती, पण 'एवढं प्रदर्शन होऊ दे गं' म्हणत मॅडम ती वाढवत नेत होत्या. बरं, बाई दुष्ट असती तर सोपं होतं. रोज स्वतःचा अर्धा डबा मला देणाऱ्या बाईला 'मी चालले' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आलीस का काडी?" मॅडम म्हणाल्या. "बनियन घालून ये. आज तुझा साचा काढायचाय."

प्रदर्शनात मधोमध एका नटीचा शंभर वर्षांपूर्वीचा रेशमी झगा ठेवायचा होता. तो जिवंत माणसाला घालायची सोय नाही, जरा ताण पडला की कापड फाटतं. आणि बाजारातला एकही पुतळा त्यात मावेना, एवढी त्या बाईची कंबर बारीक. माझीही तेवढीच. जन्मभर काडीपैलवान म्हणून चिडवून घेतलं, आणि कौतुक झालं ते इथे.

मॅडमनी बनियनवर प्लास्टिक गुंडाळलं आणि डिंकाच्या कागदी पट्ट्या ओल्या करून माझ्या अंगावर चिकटवायला घेतल्या. एक थर उभा, एक आडवा. हे वाळून कडक झालं की पाठीवर कात्रीने छेद द्यायचा, माणूस बाहेर काढायचा आणि उरेल त्याचा पुतळा करायचा. तोवर हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही.

पट्ट्या संपत आल्या तेव्हा टेबलावरचा माझा फोन वाजला.

"तुझी आई," मॅडम म्हणाल्या. हात डिंकाचे, म्हणून त्यांनी बोटाच्या पेराने स्पीकर लावला.

"अगं, नोकरीचं काय सांगू?" आईचा आवाज खोलीभर झाला. "मावशी इथेच बसलीये. तिचे साहेब आत्ताच हो की नाही विचारतायत."

मॅडमचा हात माझ्या पाठीवर थांबला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि वळता येत नव्हतं.

"सांग ना," त्या हळूच म्हणाल्या. "माझं काय, मी बघेन माझं."

ओरडलेलं परवडतं. हे 'माझं काय' ऐकलं की माझी दातखीळ बसते. 'हो म्हण' एवढंच बोलायचं होतं. पण पाठीवर तो ओला हात होता.

"नको," मी म्हणाले. "नको म्हणून सांग."

"नक्की?"

"हो गं, नक्की."

मॅडमनी फोन बंद केला आणि केस वाळवायचं मशीन माझ्याभोवती फिरवायला सुरुवात केली. कागद आवळत गेला. मला स्वतःचा भयंकर राग येत होता, रडूही येत होतं, पण रडायलाही पोट हलावं लागतं. एकदा बाहेर पडले की आईला फोन करायचा, हो म्हणून टाकायचं, मग मॅडमना काय वाटायचं ते वाटो. एवढ्याच आशेवर मी उभी होते.

पाठीवर कात्री चालली. मी बाहेर आले ती फोन उचलून तडक व्हरांड्यात.

"आई, हो म्हणून सांग."

"अगं, कळवलं ना मावशीने. तिथे दुसरी मुलगी बसलेलीच होती, तिला घेतलं त्यांनी. तूच ना नक्की म्हणालीस?"

माझी आई. साधा गॅसवाल्याला फोन करायचा तर हिचे चार दिवस जातात.

मी आत गेले. मॅडमनी साचा स्टँडवर चढवला होता आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला वाटलं होतं, जाशील," त्या म्हणाल्या. "आता निवांत करू सगळं. या नटीचे अजून बरेच झगे पेटीत आहेत, सगळे याच मापाचे. ये, बाह्यांसाठी हात पुढे कर."

मी हात पुढे केला.