नवरी आली आणि मी फळीवर गेले

मित्रांनो, मला जरा उजेडाकडे धरून पाहा. माझ्या जाळीत शेकडो चौकोनी खिडक्या दिसतील, प्रत्येक खिडकी बरोबर एक मिलीमीटरची. मी एक जुनी पितळी चाळणी आहे. पीठ चाळणारी नव्हे हं! मी दळलेलं लाकूड चाळते.

एका कारखान्यात लाकडाचे ढलपे, वाळक्या काड्या आणि टरफलं दळून भुसा करतात. तो नळीतून भट्टीत जातो आणि कोळशाऐवजी जळतो. कण फार मोठे असले तर नळी तुंबते. फार बारीक असले तर धूळ उडते, आणि उडत्या धुळीला ठिणगी लागली तर काय होईल ते बोलवत नाही. म्हणून कारखान्याच्या एका कोपऱ्यात छोटी प्रयोगशाळा आहे. माझं सारं आयुष्य तिथल्या टेबलावर गेलं.

एका कारागिराने माझ्या तारा आडव्याउभ्या विणल्या, पितळेच्या कड्यात ताणून बसवल्या आणि भिंगातून खिडक्या तपासून कड्यावर माझा आकडा कोरला. आम्ही सहा बहिणी. एकीवर एक बसून आमचा मनोरा व्हायचा. मोठ्या भोकांची थोरली सगळ्यांत वर, बारीक भोकांची धाकटी खाली आणि तिच्याखाली बिनभोकाची थाळी. मी मधली. खरं सांगते, मत्सर तेव्हापासूनच माझ्या अंगात आहे. थोरलीला सगळा माल आधी दिसायचा. धाकटीला सगळे ‘किती नाजूक गं’ म्हणायचे. मधलीकडे कोण बघतं? पण माल पास की नापास, ते माझ्यावर ठरायचं. शंभरातले दहा भाग माझ्यावर अडकले की माल परत! अशा वेळी मी बहिणींकडे ढुंकूनही बघत नसे.

मला सांभाळायची मावशी. गिरणीवाल्या दादापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिची एक रीत होती. पोतं आलं की ती ते अख्खं स्वच्छ कापडावर ओतायची. खालीवर करून टोकदार ढीग करायची, वरून दाबून तो चपटा करायची आणि पट्टीने त्याचे चार भाग पाडायची. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन परत पोत्यात. राहिलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत दोन मुठी उरल्या की त्या आमच्या मनोऱ्यावर यायच्या. साहेब घड्याळ बघत म्हणायचे, “मावशी, घ्या की वरून दोन मुठी!”

“वरवर बघून जायला मी काय पाहुणी आहे का, साहेब?” मावशी म्हणायची.

मग मनोरा हलवणाऱ्या यंत्रावर दहा मिनिटं आम्ही सगळ्या थरथरायचो आणि एकेकीवर राहिलेला भुसा काट्यावर तोलला जायचा. शेवटी मावशी मला पालथी करून मागून मऊ ब्रशने झाडायची. कधी टेबलावर आपटलं नाही. ती सगळ्यांनाच तशी झाडायची, पण मला वाटायचं, माझ्यावर हात जरा जास्त वेळ फिरतो.

आणि मग ती आली.

पांढऱ्या कापडात तोंड झाकून आली, म्हणून दादाने तिचं नाव नवरी ठेवलं. “मावशी, सून आली बरं का! आता तुम्ही नुसतं बसून हुकूम सोडायचे.” नवरी म्हणजे कॅमेऱ्याचं यंत्र. चमचाभर भुसा तिच्यात सोडायचा. कण उजेडासमोरून पडता पडता ती प्रत्येकाचा फोटो काढायची आणि लांबी-रुंदी पडद्यावर मांडायची. दोन मिनिटांत काम खलास. साहेबांनी तिच्याशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. माझ्याशेजारी कोणी कधी उभं राहिलं होतं?

त्याच आठवड्यात मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली. तिच्या जागी तिची सख्खी भाची आली. पोरगी गुणी, पण नवरीवर लट्टू. रोज तिची काच रेशमासारख्या कापडाने पुसायची, वर फुंकरही मारायची. आम्हा बहिणींना तिने फळीवर ठेवलं आणि माझ्यात? माझ्यात पिना आणि पेनांची टोपणं! मी जळून खाक झाले. रोज वाटायचं, नवरीची काच तडकावी, दिवा जावा, काहीतरी व्हावं.

आणि झालं. नवरी पडद्यावर दाखवू लागली की भुशात लांब काड्याच काड्या आहेत. साहेब दादावर उखडले. “लक्ष कुठे असतं तुमचं?”

“साहेब, वीस वर्षं मी गिरणीच्या आवाजावरून दळण ओळखतो. थोड्या काड्या नेहमीच असतात, पण एवढ्या नाहीत.”

“मग काय यंत्र खोटं बोलतं?”

दादाने गिरणीला बारीक जाळी लावली. धूळ उडायला लागली, माणसांचे डोळे लाल झाले, तरी पडद्यावर काड्या दिसतच राहिल्या. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, “सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर गिरणीवर दुसरा माणूस.” दादा मागे वळला. दारात उभा राहून डोक्यावरचा भुसा झटकत राहिला.

मित्रांनो, आता माझं पाप सांगते. चूक कुठे होती, ते मला फळीवरून रोज दिसत होतं. पोतं हातगाडीवरून यायचं. अंगणातल्या खाचखळग्यांवरून गाडी धडधडत आली की हादऱ्यांनी बारीक भुकटी फटीफटींतून तळाला जायची आणि लांब काड्या वर यायच्या. भाची पोत्याचं तोंड उघडून वरूनच चमचा भरायची. चमचाभरच तर लागायचं! बिचारी नवरी समोर आलं त्याचे खरे फोटो काढत होती. मला बोलता येत नव्हतं, पण येत असतं तरी मी बोलले नसते. दादाची नोकरी जात होती आणि मी मनात म्हणत होते, पडू दे नवरीला तोंडघशी.

सोमवारी सकाळी मावशी परतली. दादाचा चेहरा बघून तिने आधी त्यालाच विचारलं, मग भाचीकडे वळली.

“चमचा कुठून भरलास गं?”

“पोत्यातून.”

“पोत्यातून म्हणजे कुठून? वरून की तळातून?”

भाचीने पोत्याच्या तोंडाकडे बोट केलं.

मावशीने कापड अंथरलं. जुन्या जाळीच्या दळणाचं एक पोतं उपडं झालं. ढीग, चार भाग, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी राहिलेल्या समोरासमोरच्या दोन भागांपैकी एकातला भुसा नवरीला आणि दुसरा... मावशीने माझ्यातल्या पिना टेबलावर ओतल्या. किती दिवसांनी तो ब्रश अंगावर फिरला! मनोरा थरथरला. काट्याने सांगितलं, माल पास. नवरीच्या पडद्यावरच्या काड्याही एकदम कमी झाल्या. साहेब खाली बघत दादाला म्हणाले, “जुनीच जाळी लावा. आणि मी बोललो ते विसरा.”

“विसरतो. पण आज चहा तुमच्याकडून.”

मी फुशारून गेले. पण भाची पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “मावशी, थोड्या लांब काड्या अजून दिसतात. तीन-तीन मिलीमीटरच्या. चाळणीवर तर त्या नाहीत.”

मावशीने माझ्याखालच्या बहिणीवरून चिमटीत एक काडी उचलली आणि माझ्या जाळीवर आडवी ठेवली. ती राहिली. मग तीच उभी धरली आणि सोडली. सुईसारखी सुळकन माझ्यातून खाली गेली.

“चाळणीला जाडी कळते, लांबी नाही,” मावशी हळूच म्हणाली. “आणि इतकी वर्षं मी पण कधी उभी धरून बघितली नाही.”

दादाने मांडीवर थाप मारली. “म्हणजे माल पास असूनही मधूनमधून नळी तुंबायची ती ह्यांच्यामुळे! मी सांगायचो, लांब काड्या जातायत, तर तुम्ही सगळे म्हणायचात, चाळणीने पास केलंय, गप्प बस!”

मित्रांनो, पितळेला लाज वाटत असती तर मी त्या दिवशी तांब्यासारखी लाल झाले असते. माझ्या शब्दावर वीस वर्षं एका खरं बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवलं गेलं, आणि मी मात्र मनोऱ्यात मान ताठ करून बसले होते. नवरीला ते थोड्याच दिवसांत दिसलं.

आता आम्ही दोघी एकाच टेबलावर असतो. लांबी ती सांगते, जाडी मी सांगते. पोतं मात्र आधी उपडं होतं आणि ते काम भाची स्वतः करते, कितीही घाई असली तरी.

मित्रांनो, एवढंच मागते. माझ्यासारखी जुनी वस्तू हाती आली तर तिला आपटू नका, तिच्यात पिना भरू नका. तिला जे येतं ते काम द्या. आणि ती सांगेल तेवढंच खरं, असंही धरू नका. दारात कोणी भुसा झटकत उभं असेल तर त्यालाही विचारा.

माझा मत्सर गेला का? बराचसा गेला. काल संध्याकाळी भाचीने मला पालथी करून ब्रशने झाडलं, मग नवरीची काच पुसली. तिचं कापड अजून माझ्या ब्रशपेक्षा मऊ आहे. तेवढं मात्र मला खुपतं.