नकाशातला करडा तुकडा

रूपीने एंटर दाबलं आणि विपुलचा एकुलता राजपुत्र भरल्या ताटावरून उठलाच नाही.

पडद्यावर काळ्या चौकटीत मेणबत्ती विझली. खाली ओळ आली, युवराजाचा भोजनप्रसंगी मृत्यू, सूत्रधार अज्ञात. पण एकाच कॉम्प्युटरवर तिघं पाळीपाळीने खेळत असताना सूत्रधार शोधायला हेर नेमावे लागत नाहीत. विपुलने खुर्ची मागे सरकवली.

"विष घातलंस."

"मी फक्त तुझा आचारी फितवला," रूपी म्हणाली. "विष त्याने घातलं."

दिशा हसली आणि लगेच गप्प झाली. ती विपुलची चुलत बहीण होती आणि शाळेत रूपीच्या बाकावर बसायची. त्यामुळे हसायच्या आधी तिला दोन्हीकडे बघावं लागायचं.

डहाणू रोड स्टेशनासमोर झेरॉक्सच्या दुकानावर उमेशचा सायबर कॅफे होता. नववीतली ही तिघं शाळा सुटली की तिथे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसत. खेळ परदेशी, नाव लांबलचक. कॅफेत सगळे त्याला 'गादी' म्हणत. मध्ययुगातलं एक राजघराणं घ्यायचं आणि लढाया, सोयरिकी, कटकारस्थानं करून ते टिकवायचं. राजा मेला की त्याचा वारस होऊन पुढे खेळायचं. वारसच नसला तर उठायचं आणि घरी जायचं. खेळ विपुलच्या नावावर विकत घेतलेला होता, आणि हे तो विसरू देत नसे. गंजाडहून एसटीने येणारी रूपी गणपतीत पहिल्यांदा इथे आली तेव्हा माऊस धरायलाही बिचकली होती. आता फेब्रुवारी उजाडला होता आणि तिची पाळी आली की विपुल नखं खायचा.

"एक पोरगी उरलीय ना तुझ्या राजाला," दिशाने समजूत काढली.

"ती मोजायची नाही."

ती राजाला बंदरावरच्या एका बाईपासून झालेली होती, लग्नावाचून. तिच्या चित्रावर आडवी काळी रेघ होती. खेळाच्या हिशोबात ती अनौरस, म्हणून गादीवर हक्क नाही.

विपुलने तो विषय झटकला. "ते सोडा. शनिवारी एक्सपान्शन जाहीर होतंय. अंदाज ठरवून टाका, नंतर पलटी मारायची नाही."

दर वर्षी कंपनी खेळात नवी भर घालायची. पहिल्या खेपेला वाळवंटातले सरदार आले, दुसऱ्या खेपेला हिंदुस्थान. तिसऱ्या खेपेला काय, यावर जगभरची पोरं कंपनीच्या फोरमवर भांडत होती आणि इथे ही तिघं. पैज अशी होती, की ज्याचा अंदाज खरा ठरेल तो नव्या डावात सम्राट आणि बाकीचे दोघं त्याचे मांडलिक. विपुलचा मांडलिक व्हायचं म्हणजे काय, हे रूपीने एकदा भोगलं होतं. तो लढाई नसतानाही फौज मागायचा.

"समुद्र," विपुल म्हणाला. "बंदरं, जहाजं, चाचे. आत्ता किनाऱ्यावरच्या राजाला काही कामच नाही. आमच्या आगर गावाला बघ, नुसती वाळू दाखवलीय."

"साथीचे रोग," दिशा म्हणाली. "अख्खी राजधानी खलास. मस्त मजा येईल."

"जंगल," रूपी म्हणाली.

"जंगलात काय खेळणार? झाडं मोजणार?"

रूपीने नकाशा मोठा केला. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर एक पातळ रंगीत पट्टी होती. तिच्या आत, जव्हारच्या डोंगरांपर्यंत, सगळा भाग करडा. तिने त्यावर क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. नुसती ओळ आली, इथे राज्य करता येत नाही.

"हे गंजाड," ती म्हणाली. "इथे लोक राहतात. तेव्हापण राहायचे. जव्हारला तर राजाच होता. त्यांना हा तुकडा कधीतरी भरावा लागणारच ना? मग बघ. किल्ले नाहीत, पाडे. शेजारच्या राजाने फौज घातली की माणसं रानात गायब, कर कोणाकडून घेणार? आणि धर्माची मुख्य बाई. आमच्यात लग्न धवलेरी लावते, भटजी नाही. राजाला तिची मर्जी सांभाळावी लागेल. फोरमवर हे कोणालाच सुचलेलं नाही."

तिचं बोट पडद्यावर फिरत होतं, आवाज चढला होता. उमेशनेही काउंटरवरून मान वर केली. दिशा म्हणाली, "सॉलिड आहे यार." तिच्या तोंडून ते निघून गेलं.

विपुलने दिशाकडे पाहिलं, मग रूपीकडे.

"आणि वारस?"

"वारसाचं काय?"

"शनिवारी तू येणार नाहीस. दादाचं लग्न आहे, असंच बोललीस ना?"

"हो. मग?"

"तुझा बाप काल अण्णांकडे बोलावण्याचे पिवळे तांदूळ घेऊन आला होता. काय बोलला, सांग गं दिशा."

अण्णा म्हणजे विपुलचे वडील. त्यांच्या चिकूच्या वाडीत रूपीचे बाबा कामाला होते.

"जाऊ दे ना, विपुल," दिशा म्हणाली.

"बोलला, पोराचं हाय, आणि आमचं पण हाय." विपुलने रूपीच्या बाबांची, लाहूची, लकब हुबेहूब उचलली होती. "आमचं म्हणजे नवराबायकोचं. पोरगी नववीत गेली आणि आता आईबाप बोहल्यावर. मग तुझ्या जंगलात वारस कोण? सगळेच रेघवाले. पहिला राजा मेला की खेळ खतम."

रूपी नकाशाकडे बघत राहिली. विपुल वाकला, माऊस त्याने तिच्या हाताखालून काढून घेतला आणि तिच्या राणीचं पान उघडलं. पात्राचं नाव बदलायची सोय खेळात होती. त्याने एकेक अक्षर टाइप केलं. 'राणी रूपी अनौरस'.

"आता बरोबर दिसतंय," तो म्हणाला.

रूपीने दप्तर उचललं. जायच्या आधी सवयीने डाव सेव्ह केला. त्यात ते नावही सेव्ह झालं.

घरी रूपीची आई, बायजी, ओट्यावर परात घेऊन बसली होती. कोपरापर्यंत हळद माखलेली, परातीत पिवळे तांदूळ. आतल्या भिंतीला गेरू लावून झाला होता. त्यावर लग्नाचं चित्र, चौक, लिहायला बायका उद्या येणार होत्या.

"दादाचं करा ना फक्त," रूपी उभ्यानेच म्हणाली. "तुम्ही दोघं कशाला उभे राहताय? लोक हसतात."

"कोण लोक?"

"शाळेतले."

"ते येनार हायत लग्नाला?"

"नाही."

"मंग हसू दे तिकडंच." बायजीने तांदूळ खालीवर केले. "आमचा झाला नाय त धवलेरी लडक्याचा लावनारच नाय. आधी आईबापाचा, मंग पोराचा. तुला काय नवीन हाय?"

"एवढी वर्षं काय केलंत मग?"

"पोरां वाढवली. लग्नात गावाला जेवन लागतं. जमला नाय तवा. राहून गेला."

रूपीने दप्तर आपटलं. "मग इतके दिवस तू बाबांची कोण होतीस?"

बायजीचे हात थांबले. तिने लेकीकडे असं पाहिलं, जसं बाजारात कुणी चांगल्या भाजीला शिळी म्हटलं की बघायची.

"बायको," ती म्हणाली. "आनि तू काय पावन्याची पोर हायस?"

ओट्याच्या कडेला तिचा दादा लडक्या कुदळीला दांडा बसवत होता. तो खो खो हसला. रूपीला हसायचं नव्हतं. ती आत गेली, पाणी प्यायली, परत आली आणि परातीसमोर बसली. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच हात घातला. तळाशी काही दाणे अजून पांढरे होते.

"डहानूला कोनी राहिला असंल त देऊन ये," बायजी म्हणाली. "हातातच दे. घेतला की त्याला येवाच लागतो. आनि परत कोनी देत नाय."

शुक्रवारी रूपी कॅफेत शिरली तेव्हा विपुल पडद्याला नाक लावून बसला होता. दिशा शेजारी, हाताची घडी घालून. डाव पुढे सरकला होता. विपुलचा म्हातारा राजा तापाने फणफणला होता आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडी होती. बंदरावरच्या बाईची ती मुलगी, तिच्यावरची काळी रेघ, आणि खाली प्रश्न, राजाने हिला आपल्या वंशात घ्यावं? हो. नाही.

"शाळा सुटल्यापासून इथेच अडकलाय," दिशा म्हणाली. "नाही केलं तर घराणं संपतं."

"दुसरा रस्ता असणार," विपुल पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"फोरमवर विचारलंस ना? नाही बोलले ते."

"तू गप्प बस गं." मग त्याला रूपी दिसली. "तू कशाला आलीस? मजा बघायला?"

रूपीने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली.

"उद्या आमच्याकडे लग्न आहे," ती म्हणाली. नकाशावर बोलताना चढला होता तोच आवाज. काउंटरपाशी प्रिंटसाठी थांबलेल्या दोन बायका वळल्या. "दोन लग्नं. पहिलं माझ्या आईबाबांचं, मग दादाचं. हात पुढे कर."

बोलावणं आलं की हात पुढे करायची सवय विपुलच्या आगरच्या घरातही होती. विपुलचा उजवा हात माऊसवरून उठला तो बहुधा त्या सवयीनेच. रूपीने चिमूटभर पिवळे तांदूळ त्याच्या तळव्यावर ठेवले. मग दिशाच्या. दिशाने ते दोन्ही हातांत घेतले आणि कंपासपेटी उघडून खोडरबराशेजारी नीट ठेवले.

विपुलची मूठ मिटली होती.

"उद्या घोषणा आहे," तो म्हणाला.

"माहितीये."

"मी नाही येणार."

"नको येऊस. दे परत."

त्याने मूठ थोडी उघडली. तांदळांकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं, काउंटरकडे पाहिलं. तिथून उमेश आणि त्या दोन बायका त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने मूठ पुन्हा मिटली.

रूपीने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या राणीचं नाव तसंच होतं. दिशा हळूच म्हणाली, "ते बदलू का गं?"

"राहू दे. कॅफेत सगळ्यांनी वाचलंय आता, लपवायचं काय?" मग रूपीने मधल्या चौकटीकडे हनुवटी केली. "माझ्या एक्सपान्शनमध्ये हा प्रश्नच येणार नाही."

"तुझं एक्सपान्शन कधी येणारच नाही," विपुल म्हणाला.

"नसेल येणार. पण आत्ता पाळी तुझी आहे. मला साडेपाचची एसटी पकडायचीय."

विपुलने तिच्याकडे रागाने पाहिलं. उजवी मूठ मांडीवर दाबून धरली आणि डावा हात आडवा नेऊन माऊसवर ठेवला. डाव्या हाताने पॉइंटर सरळ जाईना. तो चौकटीतून निसटला, खालच्या नकाशावर उतरला, समुद्रावर गेला, किनाऱ्यावरून घसरून करड्या तुकड्यात शिरला. मग थरथरत, वाट चुकत, पुन्हा त्या मुलीच्या चित्राकडे चढू लागला.

दिशा पुढे वाकली. रूपीने ओढणीच्या रिकाम्या टोकाला पुन्हा गाठ मारली आणि वाट बघत बसली.