टाकी मोजायचा दिवस

“बाबा, आपण फ्लश केल्यावर ते सगळं जातं कुठे?”

जेवताना, आणि तेही अजिबात न हसता, हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. मला वाटलं, आई डोळे वटारेल, बाबांना ठसका लागेल आणि उद्या वर्गात माझा जयजयकार! आईने डोळे वटारले, ते ठीकच. पण बाबांचा चेहरा असा खुलला, जणू मी शाळेत पहिलीच आले.

“घरामागच्या टाकीत! जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पाइपमधून शोषखड्ड्यात जातं. बाकीचं ताईला विचार. तिच्यासारखं कुणी समजावणार नाही.”

झालं! आली ताई! कॉलेजसाठी दुसऱ्या गावी, हॉस्टेलवर गेली, तरी आमच्या ताटात मिठाच्या आधी तीच वाढलेली असते.

आमच्याकडे वर्षातून एकदा टाकी मोजतात. बाबा लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळतात, काठी तळापर्यंत सोडतात आणि हळूच वर काढतात. टॉवेल जिथपर्यंत काळा, तिथपर्यंत गाळ. काठी वर येण्याआधी दोघं अंदाज ओरडून सांगतात आणि हरेल त्याने चहा करायचा. दोघं म्हणजे बाबा आणि ताई. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. “तू लहान आहेस, झाकणाजवळ यायचं नाही.” मी ताईपेक्षा उंच झाले, तरी माझी जागा खिडकीतच! तिथून मी दात-ओठ खात बघायचे. ताई बाह्या कशा दुमडते, बाबा तिला ‘साहेब’ म्हणून कशी हाक मारतात, सगळं. जळफळाट होत असला की माणसाला फार बारीक दिसतं.

पैजेनंतर थोड्याच दिवसांत न्हाणीघरातली मोरी गुडगुडायला लागली. मग पाणी तुंबलं. आई म्हणाली, “मी अंघोळ करतेय की डबक्यात उभी आहे, तेच कळेना.”

बाबांनी मागे जाऊन झाकण सरकवलं. पाणी पाइपच्याही वर चढलेलं.

“भरली वाटतं. ताई सुट्टीला आली की मोजू म्हटलं, तर हे असं झालं,” म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. गाळ उपसणाऱ्या गाडीला लावतील म्हणाल? छे! ताईला!

माझं डोकंच सणकलं. “जाळी धुतलीत का?”

“कुठली जाळी?”

“पाणी बाहेर जातं त्या पाइपच्या तोंडाशी आहे ती! तुम्ही काठी धुवायला नळावर गेलात, की ताई दरवर्षी दुसरं झाकण उघडून ती काढते.”

बाबांनी फोन परत खिशात टाकला. “ती धुवावी लागते? मला वाटलं, बसवली की बसवली. ताई मला कधी बोलली नाही!”

“तुम्ही कधी मागे वळून बघितलं नाहीत,” आई म्हणाली.

मी ताईचे रबरी मोजे चढवले आणि दुसरं झाकण सरकवलं. बाबा म्हणाले, “वाकू नकोस, तोंड बाजूला ठेव.” मी जाळीची मूठ धरून ती सावकाश वर ओढली. केस, चिंध्या, लगदा... वास असा, की डोळ्यांना पाणी! पण पाइपात गडगड असा आवाज झाला आणि टाकीतलं पाणी भराभर खाली उतरलं. जाळी पहिल्या झाकणाच्या तोंडावर धरून मी नळाच्या पाइपने धुतली, म्हणजे घाण परत टाकीतच, आणि जागेवर बसवली. ताई करते अगदी तस्सं. आतून आई ओरडली, “मोरी मोकळी झाली गं!”

हात धुऊन होतात न होतात, तोच बाबांनी ताईला फोन लावला, स्पीकरवर. “साहेब, आपली जाळी तुंबली होती!”

“अय्या, सांगायचं राहूनच गेलं! कुणी काढली?”

“धाकटीने. एक नंबर काम केलं!”

ताई जरा फणकाऱ्यानेच म्हणाली, “माझे मोजे वापरले असतील. आणि बाबा, मी येईपर्यंत टाकी मोजू नका हं. ते आपलं काम आहे. तिला काय कळतंय त्यातलं?”

तो आवाज मी लगेच ओळखला. इतकी वर्षं खिडकीत बसून मी तोच तर गिळत होते! ताई जळत होती. चक्क माझ्यावर! मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू? पोटात कशी गार गार झुळूक आली.

“बरं, थांबू मग...” बाबा आईकडे बघत पुटपुटले.

“नाही थांबायचं,” मी म्हणाले, फोनमध्येही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “आई, बाबा, दोघंही ऐका. टाकी या रविवारी मोजायची. आणि काठी मी धरणार.”