जेमाचं निवळलेलं तळं

आमच्या साहीतले, म्हणजे आळीतले, लोक मला थापाड्या म्हणतात. तेव्हा नेत्रमणीच्या रोहूनं शेपटी हलवली की घाटाच्या चार पायऱ्या भिजायच्या, असं मी सांगितलं तर तुम्ही दोन धरा. दोनाच्या खाली मी येणार नाही.

त्या मासळीचं नाव जेमा. बोटाएवढी असताना नेत्रमणीच्या नवऱ्यानं तिला तळ्यात सोडली आणि त्याच पावसाळ्यात तो गेला. मूलबाळ नव्हतं. नेत्रमणी सकाळी मुरमुरे घेऊन घाटावर बसायची, जेमा तिच्या ओंजळीतून खायची. नवऱ्याचं म्हणून तिच्याकडे एवढंच जिवंत उरलेलं.

कटकात आमचं काम तारेचं. चांदीची केसासारखी तार ओढायची, फुलं वळायची, डाग देऊन जोडायची आणि तेजाबात उजळायची. उजळणीचं पाणी गटारात टाकत नाहीत. चांदी म्हणजे लक्ष्मी. ते मडक्यांत साठवायचं आणि मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी पूजा आटोपली की तळ्याला अर्पण करायचं. त्या वर्षी दुर्गेचं अख्खं चांदीचं मखर आमच्याच साहीनं घडवलेलं. मडकी इतकी, की ओतता ओतता दिवस कलला.

तळं निवळलं. हिरवा तवंग गेला. तळाशी पडलेली सुई दिसायची. मला तर तिचं नेढंही दिसायचं.

"बघा, देवी पावली," चिंतामणी म्हणाला. वयानं तरुण, पण तारकामात हात असा की म्हातारे कारागीरही त्याचं ऐकायचे.

मग कडेला गोगलगाई पालथ्या दिसू लागल्या. आत काही नाही. पाण्यात टुणटुण उड्या मारणारे ठिपक्याएवढे किडे दिसेनासे झाले. बारके मासे वर येऊन तोंडं उघडत राहिले. जेमानं खाणं सोडलं.

नेत्रमणी चिंतामणीच्या दुकानी आली. मी तिथंच होतो. मी सगळीकडेच असतो.

"चिंता, जेमा खात नाही रे. पाणी बिघडलंय."

"काचेसारखं पाणी, आणि बिघडलंय म्हणे! मावशी, मासळी म्हातारी झाली. तुझ्यासारखी."

"माझं सोड. मी अजून दोन वाडगे पखाळ भात खाते."

"मग आजार असेल. आजाराला चांदीच हवी. आजी दुधात चांदीचा रुपया टाकायची, दूध नासायचं नाही. आणखी थोडी चांदी जाऊ दे पाण्यात."

ती घरी जाऊन पैंजण घेऊन आली. नवरा गेल्यापासून ते पेटीत होते.

"हे विरघळव."

"लग्नातले ना ग?" मी विचारलं.

"का, तुला घालायचेत?"

"माझ्या पायात गेले तर चांदी काळी पडेल."

कुणी हसलं नाही. चिंतामणीनं पैंजण तेजाबात सोडले. धूर आला. आधी घुंगरू गेले, मग कड्या. ते पाणी तिनं स्वतःच्या हातानं, जेमा जिथं निपचित असायची नेमकं तिथंच ओतलं.

दूध नासवणाऱ्या जंतूंना जी मारते, ती चांदी पाण्यातल्या जिवांना नातं विचारत नाही. आधी तिनं शेवाळ मारलं, मग त्यावर जगणारे किडे, मग ती कल्ल्यांत शिरली. हे आम्हांला मागाहून कळलं. कळून काही वाटलं नाही.

जेमा तळाशी आडवी झाली. दिवस गेले, ती फुगली नाही, वर आली नाही, एक खवला सुटला नाही. कुजवायला पाण्यात कुणी उरलंच नव्हतं. इथं थाप नाही, अख्खी साही घाटावर होती. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी झेंडू टाकला. नेत्रमणी नुसती बघत होती. मीही बघितलं आणि घरी जाऊन जेवलो.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी चिंतामणी उजळणीच्या पाण्याचं नवं मडकं घेऊन घाटावर आला.

"मावशी, सरक जरा."

ती सरकली ती पाण्यातच. छातीएवढ्या पाण्यातून जेमाला उचलून बाहेर आली आणि ओल्या लुगड्यानं तडक त्याच्या दुकानात शिरली. कामाच्या पाटावर, तारांच्या मधोमध, तिनं जेमाला ठेवलं. मडकं घेऊन चिंतामणी मागोमाग आला.

"हिच्यात माझे पैंजण आहेत," ती म्हणाली. "काढून दे."

"मावशी, मासळीतून चांदी कशी निघेल?"

"गेली कशी? तू कारागीर ना? काढ."

चिंतामणीनं मडकं खाली ठेवलं. जेमाच्या अंगाखाली अडकलेल्या तारा एकेक करून सोडवल्या. मग मडक्याचं तोंड फडक्यानं घट्ट बांधलं आणि ते दुकानातल्या खाटेखाली ढकललं. त्या गुरुवारी तळ्याला काही अर्पण झालं नाही.