गॅलरीच्या दाराचा कौल

अरुणा गेल्याचं कळलं त्या दिवशी सुभाषच्या घरात जेवढी माणसं आली, तेवढी वास्तुशांतीच्या जेवणालाही आली नव्हती. एप्रिल महिना होता. शाळेत पेपर तपासता तपासता अरुणा टेबलावरच कलंडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. शाळेनं फोन केला तो शेजारच्या सुचित्राकाकूंकडे, कारण मजल्यावर फोन त्यांच्याकडेच होता. त्यामुळे सुभाष ऑफिसातून खांदेश्वरला घरी पोहोचला, तेव्हा त्या इमारतीत ही बातमी फक्त त्यालाच ठाऊक नव्हती.

गर्दीनं घर कोंदलं. कुणीतरी म्हणालं, "अहो, ती गॅलरी उघडा आधी." गॅलरीचं दार काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीतलं, सरकतं. चाळीतून नव्या इमारतीत आलेल्या माणसांना या दाराचं भारी कौतुक होतं. त्या दिवशी मात्र एकानं ओढलं, सरकेना. दुसऱ्यानं भिंतीला पाय लावून ओढलं. तिसऱ्यानं "तुम्ही सरा" म्हणून ओढलं. दार ढिम्म.

सुचित्राकाकूंनी तोंडाला पदर लावला. "ती गेली आणि दार अडलं हो!"

चमत्काराला एवढं भांडवल पुरतं. एक वाक्य आणि ते ऐकायला भरलेलं घर.

खरं तर त्या घरात ते दार उघडायची ती अरुणाच. सकाळी न्हाऊन केस वाळवायला, कुंड्यांना पाणी घालायला, कावळ्या-चिमण्यांना पोळीचा तुकडा टाकायला. सुभाष सकाळी सातला बाहेर पडायचा आणि बारावीतली वैदेही पुस्तकातून मान वर काढत नव्हती. दार कसं उघडतं हे दोघांनी कधी बघितलंच नव्हतं. पण हे बोलणार कोण? ते दोघं त्या दिवशी दाराकडे बघतही नव्हते.

तेरावं झालं आणि सुचित्राकाकूंनी उंबरठे महाराजांना आणलं.

महाराजांचं खरं आडनाव काय, कुणाला ठाऊक नाही. उंबरठ्यावर अडलेले जीव सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं त्यांचे शिष्य सांगत. नव्या इमारतींना उंबरठे नव्हते, पण महाराजांनी काळाबरोबर प्रगती केली होती. ते सरकत्या दारांचंही बघत.

दारासमोर बसून त्यांनी डोळे मिटले. "माउली इथंच आहे. बाहेर जायला निघाली, पण पाऊल निघेना. लेकीत जीव अडकलाय."

सुभाषला एवढ्या दिवसांत अरुणा 'आहे' असं म्हणणारा हा पहिला माणूस भेटला होता. बाकी सगळे 'होती' म्हणत.

"बोलेल ती?" त्यानं विचारलं.

"तोंडानं नाही. दारानं बोलेल. होय असेल तर सरकेल, नाही असेल तर अडेल. देवाचा कौल घेतात तसं."

महाराज उठले. भगवी शाल सावरत दाराला अगदी चिकटून उभे राहिले. "विचारा."

"अरुणा... तुला त्रास झाला का गं जाताना?"

महाराजांनी शालीआडून दार ओढलं. दार अडलं. म्हणजे नाही.

"तू आहेस ना इथे?"

दार कर्र करत वीतभर सरकलं. घरातल्या बायांनी डोळे पुसले. जो माणूस आयुष्यभर ऑफिसात सहीशिवाय कागद पुढे ढकलत नव्हता, त्यानं या पुराव्यापुढे मान तुकवली.

महाराजांनी उपाय सांगितला. घरातल्या कुमारिकेनं रोज सकाळी आंघोळ करून दाराच्या खालच्या खाचेत कावळ्याचा घास ठेवायचा, दहीभाताचा. वर हळदकुंकू आणि अक्षता. कावळा शिवला की माउली मोकळी.

वैदेही रोज घास ठेवू लागली. दार बंद, घास काचेच्या आत. कावळा बाहेर कठड्यावर येऊन बसे, भाताकडे बघे, काचेवर चोच मारे आणि वैतागून उडून जाई. 'कावळा शिवत नाही' म्हणून सगळे हळहळत. कावळ्याला काच भेदता येत नाही, ही त्या पक्ष्यातली उणीव कुणी लक्षात घेतली नाही. मुंग्यांनी मात्र मनोभावे प्रसाद घेतला.

दार दिवसेंदिवस आणखी घट्ट झालं. महाराज म्हणाले, "बघा, माया वाढतेय."

जुलैमध्ये वैदेहीला पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलही मिळालं. अरुणाची फार इच्छा होती. पण महाराजांनी कौल घेतला आणि दार अडलं. वर्षभर घास कुमारिकेच्याच हातचा पाहिजे. पोरगी गेली तर माउली कायमची काचेत अडकणार.

पुण्याचा कागद वैदेहीनं पुस्तकात घालून ठेवला आणि बूथवरून जुईनगरला मावशीला फोन केला.

स्मिता, अरुणाची धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. रविवारी ती थेट दवाखान्याची बॅग घेऊनच आली, तेव्हा पुण्याबद्दल महाराजांचा शेवटचा कौल चालू होता. जिन्यापर्यंत चपला होत्या.

"या, डॉक्टर," महाराज म्हणाले. "तुमच्या भगिनीला नमस्कार करा."

"करते. आधी तुम्ही ती शाल काढाल का जरा? उकडत असेल."

"शालीत गुरूंचा वास आहे."

"मग राहू दे. मीच विचारते ताईला. बहीण आहे मी तिची." स्मिता दाराला चिकटून उभी राहिली. दाराच्या मुठीखाली हात घातला, वाकून नीट बघितलं आणि बोटांनी चाचपलं. मग मोठ्यानं म्हणाली, "ताई, सुचित्राकाकूंच्या आमटीत कायम मीठ जास्त असतं का गं?"

दार कर्र करत सरकलं.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "अगंबाई!" सुचित्राकाकू म्हणाल्या.

"ताई, हे महाराज खरे आहेत का?"

दार अडलं.

"हा पाखंडी स्पर्श आहे!" महाराज कडाडले.

"वैदेहीनं पुण्याला जावं का?"

दार सरकलं. नेहमीपेक्षा बोटभर जास्तच.

"मावशी, कसं केलंस?" वैदेहीनं विचारलं.

"ये इकडे. मुठीच्या खाली तळवा लाव. आता दार थोडं वर उचल आणि ढकल. सरकलं ना? आता न उचलता ढकल. अडलं? झाला कौल. उचललं की होय, नाही उचललं की नाही. शाल कशाला लागते कळलं? हात झाकायला."

"पण दार अडतं ते का?" सुचित्राकाकू हार मानायला तयार नव्हत्या. "तिच्याच दिवशी का अडलं?"

"बघू या ना. दात दुखला तर मी दाताला नमस्कार करत नाही, तोंड उघडायला सांगते. भावोजी, हे दार काढायचंय. कोण धरतंय?"

तळमजल्याचे कमळाकर पाटील पुढे झाले. ही जागा कधीकाळी त्यांच्याच बापाचं शेत होतं. "मी धरतंय. आमचे गावान दार अरला का रंधा मारतान. म्हाराज नाय बोलवत."

सुभाष जागचा हलेना. "स्मिता, नको. असू दे ते."

"का, भावोजी?"

"ती आहे तिथे." तो खाली बघत म्हणाला. "एवढंच राहिलंय."

स्मितानं बॅग खाली ठेवली. "माझी पण बहीण गेलीये, भावोजी. ती या खाचेत असती, तर मी रोज इथे येऊन बसले असते. पण वैदेहीनं जन्मभर या खाचेला दहीभात भरवत बसावं, असं ताईला वाटेल? खरं सांगा."

सुभाषनं वैदेहीकडे बघितलं. पोरीच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं, रोजचं, न निघणारं. तो उठला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.

दार वर उचललं, खालची कड आत ओढली, अख्खं दार हातात आलं. स्मितानं दात बघायचा छोटा आरसा आणि आकडी काढली. खाचेत दहीभात सुकून सिमेंट झाला होता. वर हळदकुंकवाचा गिलावा. तिनं तो खरवडून कागदावर काढला. "हे सगळं एप्रिलनंतरचं. वैदेहीच्या हातचं. महाराजांच्या मायेचं रहस्य."

मग तिनं दाराच्या बुडाला असलेली चाकं तपासली. एक फिरत होतं. दुसऱ्याची कड तुटली होती आणि त्याच्या आसाभोवती काळं काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. आकडीनं तिनं ते ओढलं. लांब, काळे केस.

सुचित्राकाकू किंचाळल्या. महाराजांच्या अंगात जीव आला. "बघा! बघा! केसांनी धरून ठेवलंय माउलीनं!"

ते केस सुभाषच्या ओळखीचे होते.

स्मितानं ते केस कागदावर नीट ठेवले. "ताई रोज इथे केस वाळवायची, विंचरायची. गळलेले केस खाचेत पडतात, चाकात गुंडाळले जातात. वर्षानुवर्षं. सुचित्राकाकू, तुम्हीही गॅलरीतच विंचरता ना? चला, तुमच्या दाराचं चाक काढते. तुमचेही निघतील. तुम्ही तर चांगल्या धडधाकट आहात."

"माझं दार ठीक आहे!" काकू म्हणाल्या आणि महाराजांपासून हातभर सरकून बसल्या.

"हे दार त्या दिवशी अडलं नाही. कधीचंच अडत होतं. ताईला उचलून ढकलायची सवय झाली होती, तुम्हाला नव्हती. म्हणून तुम्हा सगळ्यांना ते तिच्याच दिवशी कळलं." तिनं दाराच्या मुठीखाली बोट ठेवलं. "हे बघा."

तिथला रंग तळव्याएवढा उडाला होता. आतलं ॲल्युमिनियम घासून लख्ख झालं होतं.

"महाराजांची नजर चांगली आहे. त्यांना हे पहिल्याच दिवशी दिसलं. फक्त त्यांनी ते आपल्याला सांगितलं नाही."

महाराज अमुक ठिकाणी तातडीची पूजा आहे म्हणून उठले. घराच्या उघड्या दारातून ते बाहेर पडत असताना कमळाकर पाटील म्हणाले, "म्हाराज, दार उगराच हाय. कौल नको घेवा."

केस काढले, खाच धुतली, चाकाला थेंबभर तेल दिलं आणि दार परत बसवलं. तुटकी कड होती म्हणून शेवटी थोडं उचलावं लागे, एरवी ते बोटानं सरकत होतं. वैदेहीनं ते पुरतं उघडलं आणि त्या दिवशीचा घास कठड्यावर ठेवला. कावळा आला, घास उचलला आणि गेला. त्याला कुणाच्या इच्छेशी देणंघेणं नव्हतं. भूक होती.

सुभाष गॅलरीत गेला. कुंड्यांतली माती भेगाळली होती. तिथे कोणी नव्हतं. आता त्याला ते स्पष्ट दिसत होतं आणि पूर्वीपेक्षा जास्त दुखत होतं. पण ते दुःख त्याचं होतं. कुणी शालीआडून ओढलेलं नव्हतं.

"वैदेही," तो म्हणाला, "बॅग भर."

दार अडलं तर आधी वाकून खाली बघावं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी जिवंत पोरीला अडवायला आला, तर त्याची शाल काढावी. माया खरी असते, म्हणूनच तिच्यावर धंदा चालतो. तो चालू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

वैदेही पुण्याला गेली. सुभाष रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला ते दार उघडतो. मुठीखाली त्या घासलेल्या जागी तळवा लावतो, थोडं उचलतो, ढकलतो. नवं चाक त्यानं वाशीहून आणून ठेवलं आहे. ते बसवायचं अजून राहिलं आहे.